आपल्या जिल्ह्यातले आरोग्यमंत्री

मैत्रिणींनो, परतूरच्या एका भगिनींचं पत्र आलंय. त्या लिहितात, "तुम्ही लोणच्यापासून मुलांच्या अभ्यासापर्यंत सगळ्यावर लिहिता, मग राजकारणावर का नाही? आमच्याकडे रात्री जेवताना पुरुषमंडळी तेवढंच बोलतात आणि आम्ही वाढत असतो. मंत्री म्हणजे नेमकं करतो काय, हे मात्र कुणी सांगत नाही."

प्रश्न रास्त आहे. मंत्री म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतात त्या लाल दिव्याच्या जुन्या गाड्या, हार-तुरे, कोनशिला आणि सत्काराच्या शाली. पण त्या माणसानं सही केली की आपल्या घरात काय बदलतं, हे आपण फारसं बघत नाही. मग उदाहरण शोधायला दिल्लीला कशाला जायचं? आपल्या जालना जिल्ह्यातलंच घेऊ. राजेश टोपे. कोरोनाच्या दिवसांत रोज टीव्हीवर दिसणारे आपले आरोग्यमंत्री. आधीच सांगते, मला त्यांचा प्रचार करायचा नाही आणि उणीदुणीही काढायची नाहीत. आज ते मंत्री नाहीत आणि आमदारही नाहीत, तेव्हा जरा निवांतपणे बोलता येईल.

अंबड तालुक्यातलं पाथरवाला बुद्रुक हे टोपे घराण्याचं गाव. वडील अंकुशराव टोपे 1991 साली जालन्याचे खासदार झाले. पण खासदारकीपेक्षा आपल्या भागात त्यांचं नाव राहिलं ते समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळं आणि मत्स्योदरी शिक्षण संस्थेमुळं. अंबडच्या देवीच्या नावाची ही संस्था. आज जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी तिच्या शाळा-कॉलेजांत शिकलेलं सापडेल. कारखाना आणि कॉलेज, एका हाताला ऊस आणि दुसऱ्या हाताला पोरांचं शिक्षण. आपल्या महाराष्ट्रात पुढारी घडण्याची ही जुनी वाट आहे. घरातला मुलगा त्याच वाटेनं पुढं गेला यात नवल नाही. मुलगी गेली असती तर नवल झालं असतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

राजेशभैय्यांचा जन्म 1969 चा, शिक्षण इंजिनिअरचं. 1999 साली राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष निघाला आणि त्याच वर्षी ते अंबडमधून आमदार झाले. 2004 ला पुन्हा अंबड. पुढं मतदारसंघांची नवी आखणी झाली, त्यानंतर 2009, 2014 आणि 2019 असे तीनदा घनसावंगीतून. एकाच भागातून सलग पाच वेळा निवडून यायचं म्हणजे गावोगावची लग्नं, मयती, बारशी सांभाळावी लागतात. आपल्याला एका घराचे आहेर सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात, आणि इथं तर अख्खा मतदारसंघ!

आघाडी सरकारात ते आधी राज्यमंत्री होते. 2009 ते 2014 या काळात उच्च व तंत्रशिक्षण खात्याचे कॅबिनेट मंत्री झाले. हे खातं माझ्यासारख्या तासिकेवर शिकवणाऱ्या बाईच्या जिव्हाळ्याचं. 2013 साली प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तो तीन महिन्यांच्या वर चालला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट न झालेल्या प्राध्यापकांचं भवितव्य, असा तो वाद होता. शेवटी उच्च न्यायालयानं कान पिळले तेव्हा कुठं तो मिटला. मधल्या मध्ये पोरांचा जीव टांगणीला लागला. त्या काळात टोपे साहेबांवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. मंत्रिपद म्हणजे घरातल्या मधल्या सुनेसारखं असतं. सासूही बोलते आणि जाऊही बोलते.

पण त्यांची खरी परीक्षा झाली ती नंतर. 30 डिसेंबर 2019 ला उद्धव ठाकरे यांच्या सरकारात त्यांचा शपथविधी झाला आणि जानेवारीत सार्वजनिक आरोग्य खातं त्यांच्याकडं आलं. तोवर हे खातं काही फार मानाचं समजलं जात नसे. गृह, महसूल, अर्थ यांच्यासाठी ओढाताण चालायची. आरोग्य म्हणजे मलेरियाची फवारणी आणि कुटुंब नियोजनाची शिबिरं, अशीच समजूत होती. जेमतेम दोन महिने झाले तोच, 9 मार्च 2020 ला पुण्यात कोरोनाचे राज्यातले पहिले रुग्ण सापडले. दुबईहून फिरून आलेलं जोडपं होतं ते. त्यानंतर काय झालं ते तुम्हा-आम्हाला सांगायला नकोच. भाजी धुवून धुवून हातांची सालं निघाली होती.

त्या दिवसांत रोज संध्याकाळी हा माणूस टीव्हीवर यायचा. आवाज चढवायचा नाही, हातवारे नाहीत. आज इतके नवे रुग्ण, इतके बरे झाले, इतके दगावले. आपल्या मराठवाडी बोलीत, सावकाश. आमच्या सासूबाई मोठ्या मोठ्या लोकांची भाषणं सुरू झाली की टीव्हीचा आवाज कमी करायला लावतात, पण टोपे बोलायला लागले की म्हणायच्या, "थांब गं, आपल्याकडचा बोलतोय." घाबरलेल्या माणसाला आकडे कळोत न कळोत, सांगणाऱ्याचा सूर कळतो. हे काम लहान नव्हतं, असं मला अजूनही वाटतं.

त्याच काळात त्यांच्या आई, शारदाताई, मुंबईच्या रुग्णालयात होत्या. दुखणं लांबलेलं होतं. 1 ऑगस्ट 2020 ला त्या गेल्या. आई अतिदक्षता विभागात असताना मुलगा राज्याचं काम करत राहिला, याचं सगळीकडं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. फक्त मनात येतं, त्याच महिन्यांत किती नर्सबाई आणि आशाताई घरचं आजारपण, तान्ही लेकरं मागं ठेवून कामावर जात होत्या. त्यांना मात्र शेजारणींनीच विचारलं, "घरी कोण बघतंय मग?"

आता मूळ मुद्द्याकडं येते. आरोग्यमंत्री म्हणजे राज्यातल्या सगळ्या दवाखान्यांचा मालक, असं आपण धरून चालतो. तसं मुळीच नाही. गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, जिल्ह्याचं सिव्हिल, आपल्या गांधी चमनचं स्त्री रुग्णालय, हे सगळं सार्वजनिक आरोग्य खात्याचं. पण तेव्हाच्या औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची घाटी? ती वैद्यकीय शिक्षण खात्याची, त्याचे मंत्री वेगळे. महापालिकेचे दवाखाने नगरविकास खात्याकडं. औषधांवरची देखरेख अन्न व औषध प्रशासनाकडं, त्यालाही मंत्री वेगळे. रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्र रात्र दुकानांपुढं उभे होते, तेव्हा लोक शिव्या देत होते आरोग्यमंत्र्यांना, पण ते खातं भलत्याचकडं होतं. एका घरात चार चुली आणि पाहुणा विचारतोय जेवण कुणाकडं, अशी गत.

हे काही आपल्याकडंच आहे असं समजू नका. युरोपात बेल्जियम म्हणून देश आहे, आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाएवढा. तिथं कोरोना आला तेव्हा आरोग्याचा कारभार केंद्रात आणि प्रांतांत मिळून तब्बल नऊ मंत्र्यांत वाटलेला होता! केंद्राच्या मंत्री होत्या मॅगी डी ब्लॉक नावाच्या बाई. पेशानं डॉक्टर, पंचवीस वर्षं कुटुंबांना औषधं देणाऱ्या. 2014 साली त्या आरोग्यमंत्री झाल्या तेव्हा चर्चा कशाची झाली? त्यांच्या लठ्ठपणाची! इतकी जाड बाई लोकांना आरोग्य काय शिकवणार, असं छापून आलं. आपल्याकडच्या पोट सुटलेल्या मंत्र्यांना असं कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. 2020 साली बेल्जियममध्ये लोकसंख्येच्या मानानं मृत्यूंचा आकडा जगात अगदी वरच्या क्रमांकावर गेला आणि बाईंवर टीकेची झोड उठली. त्याचं एक कारण असं, की वृद्धाश्रमांतले मृत्यू नुसत्या संशयावरूनही त्यांनी मोजले. इतर देशांनी इतके काटेकोर मोजले नाहीत. खरं मोजलं की आकडा मोठा दिसतो आणि मग मोजणाऱ्याच्याच नावानं खडे फोडतात. ऑक्टोबर 2020 मध्ये नवं सरकार आलं आणि त्या पायउतार झाल्या.

तर, इतक्या चुलींत मंत्र्याच्या हाती काय राहतं? मैत्रिणींनो, राहतो तो कागद. आदेशाचा कागद. आणि तोच थेट आपल्या पर्सपर्यंत येतो.

21 मे 2020 ला राज्य सरकारनं आदेश काढला, की खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटा सरकारी दरानं द्यायच्या. साध्या खाटेला दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागात 7,500, व्हेंटिलेटर लागला तर 9,000. पुढच्या वर्षी जूनमध्ये शहरांचे गट पाडले. मोठ्या शहरांत 4,000, मधल्या शहरांत 3,000 आणि बाकी ठिकाणी 2,400. तपासणीचं तर विचारूच नका. घशातल्या स्रावाच्या चाचणीला सुरुवातीला खासगी प्रयोगशाळा 4,500 रुपये घेत होत्या. जून 2020 मध्ये ते 2,200 झाले, ऑक्टोबरात 980, डिसेंबरात 700 आणि मार्च 2021 च्या अखेरीला 500. चाचणी तीच, कांडी तीच, नाक तेच! छातीच्या सीटी स्कॅनला 2,000 ते 3,000 अशी मर्यादा आली. मास्कचंही तसंच. ऑक्टोबर 2020 मध्ये तिपदरी मास्क तीन-चार रुपयांना आणि एन-95 हे 19 ते 49 रुपयांच्या आत विकायचे, असं ठरलं. त्याआधी आपण ते कितीला घेतले होते ते आठवा.

चाचणीचे भाव वर्षभरात नऊ पटींनी उतरले याचे दोन अर्थ होतात. एक, सरकारनं पाठपुरावा केला. दोन, पहिल्यांदा ज्यांनी साडेचार हजार मोजले त्यांच्याकडून भरमसाट घेतले गेले. दोन्ही अर्थ खरे आहेत.

आता हा कागद घरी कसा पोचला तेही सांगते. माझ्या जाऊबाईंच्या भावाला सप्टेंबर 2020 मध्ये एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. दवाखान्याचं नाव घेत नाही. नऊ दिवसांनी बिल आलं. त्यात खाट वेगळी, नर्सिंग वेगळं, डॉक्टरांची फेरी वेगळी आणि जेवणसुद्धा वेगळं लावलेलं. सरकारी दरात खाट, नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी, जेवण, साधे रक्त-लघवीचे तपास, एक्स-रे, ईसीजी हे सगळं धरलेलं होतं. वेगळं लावायचं ते पीपीई किट, कोरोनाची चाचणी, सीटी स्कॅन आणि काही महागडी औषधं. दरपत्रक दर्शनी भागात लावायचा नियम होता. ते लावलेलंही होतं, पण कॅलेंडरच्या मागं! जाऊबाई सातवी शिकलेल्या. पण भिशीचा हिशेब वीस वर्षं ठेवणारी बाई आहे ती. त्यांनी कॅलेंडर बाजूला केलं, वहीच्या पानावर एकेक ओळ उतरवली आणि काउंटरवरच्या पोराला म्हणाल्या, "दादा, हे जेवण दोनदा कसं काय जेवला आमचा माणूस?" बिल कमी झालं. किती ते सांगत नाही, पण त्या पैशात घरी आल्यावरचा महिन्याचा दूध, अंडी, फळं असा सगळा खर्च निघाला.

पण किती जणी असा हिशेब करू शकल्या? ज्यांचं माणूस आत अत्यवस्थ होतं, त्या कुठं कॅलेंडर सरकवणार? काढलेला आदेश आणि पाळलेला आदेश यांत केवढं अंतर असतं ते त्या वर्षी सगळ्यांनी बघितलं. बिलं तपासायला सरकारनं माणसं नेमली, पण ती पुरी पडली नाहीत. मंत्र्याचं मोजमाप करायचं तर माझ्या मते इथं करावं. कागद किती चांगला लिहिला यावर अर्धे गुण, तो कॅलेंडरच्या पुढं किती ठिकाणी लागला यावर उरलेले अर्धे.

दुसरा मोठा कागद महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा. ही मूळची 2012 ची राजीव गांधी जीवनदायी योजना, 2017 मध्ये नाव बदललं. आधी मुख्यतः पिवळं-केशरी रेशनकार्ड असलेल्यांनाच तिचा उपयोग होई. मे 2020 मध्ये ती पांढऱ्या कार्डवाल्यांसह राज्यातल्या सगळ्यांना लागू केली. आपल्यासारख्या शाळामास्तर, कारकून, छोटे दुकानदार यांच्या घरांना ही गोष्ट मोठीच होती. आपण धड गरीब नाही आणि एका ऑपरेशननं श्रीमंतीही उरत नाही. एक उपयोगाची गोष्ट सांगते. ही योजना सगळ्या दवाखान्यांत नसते, यादीतल्याच दवाखान्यांत असते, आणि तिथं 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो. भरती होतानाच त्याला गाठायचं. रेशनकार्ड आणि आधार कार्ड पिशवीत ठेवायचं. बिल झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

आशाताईंचं सांगितल्याशिवाय मात्र पुढं जाववत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. घोषणा मुंबईत झाली, पण दारोदार फिरल्या कोण? आपल्या गल्लीतल्या आशाताई. हातात तापमापक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, उन्हात डोक्यावर पदर. कुणी दार उघडायचं नाही, कुणी अंगावर ओरडायचं. मोबदला तुटपुंजा. जुलै 2020 पासून दोन हजारांची वाढ दिली होती, पण कामाच्या मानानं ती काहीच नव्हती. जून 2021 मध्ये राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभरानं टोपे यांनी त्यांच्याशी बोलणी केली आणि 1 जुलैपासून हजार रुपये वाढ, वर पाचशे रुपये कोविड भत्ता असं ठरलं. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. मंत्र्यांनी बोलणी केली हे चांगलंच, पण आशाताईंना आजही 'स्वयंसेविका' म्हणतात. पगार नाही, मानधन. बाईच्या कामाला मान द्यायचा आणि धन राखून ठेवायचं, ही सरकारी युक्ती कुठल्याही एका पक्षाची नाही.

2021 चा एप्रिल आठवला की अजून पोटात गोळा येतो. 18 तारखेला एका दिवसात राज्यात 68 हजारांहून जास्त नवे रुग्ण सापडले. राज्यात रोज साधारण 1,200 टन प्राणवायू तयार व्हायचा, तो पुरेनासा झाला. आपल्या जालन्याला लोखंडाच्या कारखान्यांमुळं प्राणवायूचे नळकांडे नवे नाहीत, पण कारखान्यांचा प्राणवायू माणसांसाठी वळवावा लागेल असं कुणाच्या स्वप्नात आलं होतं? 19 एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर लादलेली रेल्वेगाडी विशाखापट्टणमला निघाली, ती भरून नागपूर, नाशिकला आली. टोपे तेव्हा म्हणाले, की प्राणवायूसाठी केंद्राच्या पाया पडायचीही आमची तयारी आहे. काहींना ते लाचारीचं वाटलं. मला नाही वाटलं. लेकरू आजारी असलं की आपण कुणाचे पाय धरत नाही? त्याच महिन्याच्या सुरुवातीला लस तीनच दिवस पुरेल असं त्यांनी उघड सांगितलं, तेव्हा केंद्राच्या मंत्र्यांनी त्यांच्या सरकारवरच ठपका ठेवला. कोण खरं, कोण खोटं हा वाद आपण सोडून देऊ. डबा रिकामा असेल तर तो रिकामा आहे असं सांगणारं माणूस घरात एक तरी हवं.

पण त्याच महिन्यात त्यांच्या तोंडून एक वाक्य असंही गेलं, की ते जायला नको होतं. 23 एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, तेरा रुग्ण गेले. पंतप्रधानांच्या बैठकीत हा विषय काढणार का, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, की ही काही राष्ट्रीय बातमी नव्हे, राज्य सरकार मदत करील. पुढं त्यांनी खुलासा केला, की आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला. झालाही असेल. पण ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना ती बातमी राष्ट्राची की राज्याची याच्याशी काय देणंघेणं? वर्षभर ज्या सुरानं त्यांनी लोकांना धीर दिला, तो सूर त्या दिवशी सुटला.

आणि भंडारा. 9 जानेवारी 2021 ची पहाट. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती, सात वाचली, दहा गेली. बाळांना ऊब द्यायच्या यंत्रातच ठिणगी उडाली, असं चौकशीत निघालं. हे रुग्णालय कुणाच्या दुसऱ्या चुलीचं नव्हतं, ते टोपे यांच्याच खात्याचं होतं. चौकशी झाली, सिव्हिल सर्जनसह काही जणांवर कारवाई झाली, घरटी पाच लाख रुपये जाहीर झाले, राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांची आगीच्या दृष्टीनं तपासणी करा असे आदेश सुटले. आणि दहा महिन्यांत, 6 नोव्हेंबर 2021 ला, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. अकरा रुग्ण गेले. तेही त्याच खात्याचं.

म्हणजे जानेवारीतला तपासणीचा कागद नोव्हेंबरपर्यंत कुठं होता? मंत्री काही स्वतः जाऊन वायरी तपासत नसतो, हे मला कळतं. पण घरात गॅसची नळी जुनी झालीय हे एकदा कळलं, की बदलून झाली की नाही ते आपण दहादा विचारतो. सांगितलं होतं हो, एवढ्यावर आपलं भागत नाही. भंडाऱ्याच्या त्या दहा आया कोण होत्या? बहुतेक मोलमजुरी करणाऱ्या घरांतल्या. स्वतःच्या घरी बाळाला धोका आहे म्हणून त्यांनी ते सरकारच्या हाती दिलं होतं. टोपे यांच्या कारकिर्दीबद्दल कुणीही माझ्याशी कौतुकानं बोललं, तर मी मान डोलावते आणि मग भंडाऱ्याचं नाव घेते.

नोकरभरतीच्या परीक्षेचाही घोळ त्याच वर्षीचा. आरोग्य खात्यातल्या हजारो जागांसाठी 25 आणि 26 सप्टेंबर 2021 ला परीक्षा होती, ती आदल्या संध्याकाळी पुढं ढकलली. खेड्यापाड्यातली लाखो मुलं-मुली, कुणी कर्ज काढून गाडीभाडं भरलेलं, कुणी रस्त्यातच. हॉलतिकिटांवर भलतीच केंद्रं आली होती. मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. ऑक्टोबरात परीक्षा झाली तर पेपर फुटल्याचं उघड झालं आणि खात्याचेच अधिकारी पकडले गेले. शिकवणारीला याचा राग जास्त येतो. वर्षभर एकेक तास बसून अभ्यास करणाऱ्या मुलीला मी काय सांगायचं?

29 जून 2022 ला ठाकरे सरकार गेलं आणि टोपे यांचं मंत्रिपदही गेलं. तोवर राज्यात कोरोनानं सुमारे दीड लाख माणसं नेली होती. 2023 साली राष्ट्रवादीचे दोन तुकडे झाले, टोपे शरद पवारांच्या बाजूला राहिले. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत घनसावंगीत त्यांचा पराभव झाला, तोही अडीच हजारांच्या आतल्या मतांनी. शिवसेनेचे हिकमत उढाण निवडून आले. त्यांनाच 2019 साली टोपे यांनी थोडक्या मतांनी हरवलं होतं. पाच वेळा आमदार, राज्यभर ओळखीचा चेहरा, आणि मतदार म्हणाले, आता पुरे. कारणं सांगणारे चौकाचौकात आहेत. ऊस, जात, पक्षफूट, जो तो आपलं सांगतो. मी त्यात पडत नाही.

मला खटकणारी गोष्ट वेगळीच. 2020 साली आपल्या जिल्ह्याचा माणूस राज्याचा आरोग्यमंत्री होता आणि आपल्या जालन्यात सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं. अत्यवस्थ माणसाला घेऊन साठ-पासष्ट किलोमीटर घाटी गाठायची, हा आपला वर्षानुवर्षांचा रिवाज. 1 मे 1981 ला जिल्हा झालेलं गाव हे! मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचं, म्हणजे पुन्हा दुसरी चूल, हे मान्य. पण शेजारच्या चुलीवरून विस्तव मागून आणता येतोच की. मनोरुग्णालयाला त्यांच्या काळात मंजुरी मिळाली, तीही गरजेचीच होती. मेडिकल कॉलेज मात्र त्यांच्यानंतर आलं. 9 ऑक्टोबर 2024 ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं एकदम उद्घाटन झालं, त्यात जालना आहे. श्रेय कुणाचं यावर फलक लागले, तेही सगळ्याच पक्षांचे.

परतूरच्या ताई, तुम्ही पुढं असंही विचारलंय, की आपल्या भागातल्या दवाखान्याबद्दल तक्रार करायची तर कुणाकडं. प्राथमिक आरोग्य केंद्राचं असेल तर जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं. ग्रामीण रुग्णालय, स्त्री रुग्णालय किंवा सिव्हिलचं असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडं. अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्का बघा. पोचेची प्रत रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे शोधावी लागत नाही. मागच्या वर्षी दिलेल्या अर्जाचं काय झालं, हे विचारायला जाताना एकट्या जाऊ नका, चौघी मिळून जा.